ऐकलेलें गाणें आणि पाहिलेलें गाणें

पन्नाशी उलटलेले चार मित्र एकत्र बसले, म्हणजे बोलणें आधीं पाऊसपाण्यावर, मग मुलांच्या नोकऱ्यांवर आणि शेवटीं हटकून जुन्या गाण्यांवर येतें. बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांव तालुक्यांत पिंपळगांव राजा हें गांव आहे; तेथल्या पारावर काय किंवा पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांत काय, हा क्रम सहसा चुकत नाहीं. १९८० ते १९९० या दशकांत ज्यांना मिसरूड फुटलें, ती पिढी आतां निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे, आणि तिच्या बोलण्यांत एक विशेष आढळतो. तिच्या वडिलांची पिढी गाण्याची आठवण काढी ती गाणाऱ्याच्या गळ्याची, चालीची किंवा शब्दांची. ही पिढी गाण्याची आठवण काढते ती चित्राची. कोणी झगमगत्या कपड्यांतील नाचणारा नायक सांगतो, कोणी पेन्सिलीनें काढलेल्या चित्रांतून बाहेर येणारा गोरा तरुण सांगतो, तर कोणी स्मशानांतून उठून नाचणाऱ्या प्रेतांचें वर्णन करतो. "असलें विचित्र आम्हीं त्या वेळीं पाहिलें," असें सांगतांना प्रत्येकाचा चेहरा खुलतो.

हा केवळ करमणुकीचा विषय नव्हे. गाणें हें मुळांत कानाचें धन. तें डोळ्याचें केव्हां झालें, कोणत्या कारणांनीं झालें, आणि वऱ्हाडांतल्या एखाद्या गांवापर्यंत हा बदल कोणत्या वाटेनें आला, हा इतिहासाचा प्रश्न आहे. त्याचबरोबर आणखी एक नाजूक प्रश्न त्यांत गुंतलेला आहे. "त्या वेळीं पाहिलें" असें जें सांगण्यांत येतें, तें खरोखर त्या वेळीं पाहिलेलें असतें काय? साक्षीदार प्रामाणिक असला, म्हणजे त्याची साक्ष खरी ठरतेच असें नाहीं. म्हणून या आठवणींना सनावळीच्या कसोटीवर घासून पाहणें अगत्याचें आहे.

आरंभ आपल्याकडूनच करणें योग्य होईल. कारण गाणें पाहण्याची संवय महाराष्ट्राला पश्चिमेकडून आलेली नाहीं. तमाशांतील लावणी ही ऐकण्याइतकीच पाहण्याची वस्तु होती. संगीत नाटकांत तर एकेका पदासाठीं प्रेक्षक 'वन्स मोअर' चा पुकारा करीत, आणि तो पुकारा स्वरासाठीं असे तितकाच अभिनयासाठींहि असे. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहांत 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट लागला. त्यांत सात गाणीं होतीं. त्याची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. पुढच्याच वर्षीं 'प्रभात' चा 'अयोध्येचा राजा' आला, त्यांत गोविंदराव टेंबे व दुर्गाबाई खोटे यांनीं कॅमेऱ्यापुढें प्रत्यक्ष गाऊन भूमिका केल्या. १९३५ सालीं कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें 'धूप छांव' या चित्रपटांत पार्श्वगायनाचा मार्ग रूढ केला. तेव्हांपासून गाणारा एक आणि ओठ हलविणारा दुसरा, अशी विभागणी झाली. गळा एकाचा व मुखडा दुसऱ्याचा, ही गोष्ट आपल्या लोकांना इतकी सहज वाटूं लागली कीं, तिच्यांत कांहीं विचित्र आहे असें कोणाच्या मनांतहि येईना.

युरोप-अमेरिकेंत याच्या उलट घडलें. तेथें गाणें तबकडीवर जन्माला येई व त्याला स्वतःचें असें चित्र नसे. चाळिशीच्या दशकांत अमेरिकेंतील उपाहारगृहांत नाणें टाकून छोटीं गीतचित्रें पाहण्याचीं यंत्रें निघालीं. पुढें १९६० च्या सुमारास फ्रान्समध्येंहि तसेंच एक यंत्र आलें. पण हीं खेळणीं फार काळ टिकलीं नाहींत. थोडक्यांत सांगावयाचें तर, तिकडे गाण्याला चित्र मागाहून जोडावें लागलें आणि इकडे चित्रांतून गाणें वेगळें काढावें लागलें. हा भेद ध्यानांत ठेवला, म्हणजे पुढचा सारा इतिहास उलगडतो.

गाणें चित्रांतून वेगळें काढण्याचें हें काम आपल्या देशांत रेडिओनें केलें. १९५२ सालीं डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. ते स्वतः महाराष्ट्रीय, शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. त्यांच्या कारकीर्दींत आकाशवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ हद्दपार झालीं. परिणाम असा झाला कीं, देशांतील श्रोत्यांनीं आपल्या संचाचा कांटा सिलोनकडे वळविला. तेथून अमीन सायानी यांची 'बिनाका गीतमाला' दर बुधवारीं रात्रीं ऐकूं येई. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं आकाशवाणीलाच 'विविध भारती' सुरू करावी लागली. खेड्यांतील श्रोत्याच्या दृष्टीनें या साऱ्याचा अर्थ एकच होता: गाणें आधीं कानीं पडे, आणि तें ज्या चित्रपटांतलें असे तो चित्रपट कित्येक महिन्यांनीं, कधीं कित्येक वर्षांनीं, जत्रेंतल्या तंबूंत पाहावयास मिळे. कित्येकदां मिळतहि नसे. मधल्या काळांत ऐकणारा आपल्या मनानें त्या गाण्याला चित्र देत असे. नायिका कोठें उभी असेल, पाऊस पडत असेल कीं चांदणें असेल, हें ज्याचें तो ठरवी. त्यामुळें एकाच गाण्याचीं, ऐकणारे जितके तितकीं चित्रें होतीं. तंबूंत प्रत्यक्ष चित्र पाहिल्यावर "हें तर कांहींच नाहीं" असे उद्गार निघत, ते याच कारणानें.

पश्चिमेकडे गाण्याला चित्र जोडण्याचा जो निर्णायक प्रयोग झाला, त्याचा एक धागा सातारा जिल्ह्यांतील पांचगणीपर्यंत येऊन पोंचतो. ५ सप्टेंबर १९४६ रोजीं झांजीबार येथें एका पारशी कुटुंबांत फारुख बलसारा नांवाचा मुलगा जन्मला. वयाच्या आठव्या वर्षीं त्याला शिक्षणासाठीं पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत धाडण्यांत आलें. तेथेंच तो पियानो शिकला आणि शाळासोबत्यांच्या 'हेक्टिक्स' नांवाच्या वाद्यमेळांत वाजवूं लागला. १९६४ सालीं झांजीबारांतील क्रांतीमुळें त्याचें कुटुंब इंग्लंडला गेलें. पुढें हाच मुलगा 'क्वीन' या वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगप्रसिद्ध झाला. १९७५ सालीं या वृंदाचें 'बोहेमियन रॅप्सडी' हें सुमारें सहा मिनिटांचें गाणें निघालें. त्यांतील अनेक पदरी आवाज ध्वनिमुद्रणाच्या खोलींत एकावर एक रचलेले होते. ते दूरचित्रवाणीच्या मंचावर प्रत्यक्ष गाऊन दाखविणें अवघड होतें. म्हणून ब्रूस गॉवर्स या दिग्दर्शकाकडून कांहीं तासांत एक चित्रफीत तयार करवून घेण्यांत आली. काळोखांत उजळलेले चार चेहरे, ते हळूहळू अनेक होत जातात, एवढेंच त्यांत होतें. तें गाणें इंग्लंडांत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलें. तबकडी विकावयाची तर तिच्याबरोबर चित्रहि हवें, हा धडा तेथल्या कंपन्यांनीं यांतून घेतला.

या धड्याला कायमचें व्यासपीठ मिळालें १ ऑगस्ट १९८१ रोजीं. त्या दिवशीं मध्यरात्र उलटतांच अमेरिकेंत 'एम्टीव्ही' नांवाची, केवळ गीतचित्रें दाखविणारी वाहिनी सुरू झाली. तिच्यावर पहिलें गाणें लागलें तें 'बगल्स' या इंग्रज मंडळीचें. १९७९ च्या या गाण्याच्या नांवाचा अर्थच असा कीं, रेडिओवरील गायकाला व्हिडिओनें ठार मारलें. नव्या वाहिनीनें आपल्या पहिल्याच वाक्यांत रेडिओच्या मृत्यूची द्वाही फिरवावी, हा योग मोठा बोलका आहे.

पण याहून मौजेची गोष्ट अशी कीं, हेंच गाणें थोड्याच काळांत वेष पालटून हिंदुस्थानांत आलें. १९८२ च्या अखेरीस 'डिस्को डान्सर' हा बब्बर सुभाष यांचा चित्रपट प्रदर्शित झाला. मिथुन चक्रवर्ती त्याचा नायक व बप्पी लाहिरी संगीतकार. त्यांत उषा उथुप यांनीं गायिलेल्या 'औवा औवा' या गाण्याची चाल सरळ त्या इंग्रजी गाण्यावरून उचललेली आहे. ज्या गाण्यानें अमेरिकेंत रेडिओचा अंत पुकारला, तेंच हिंदी रूपांत आपल्याकडील रेडिओवरून व ध्वनिफितींवरून गांवोगांव वाजलें! पिंपळगांव राजासारख्या गांवांतील लग्नाच्या मांडवांत ज्यांनीं तें ऐकलें, त्यांना आपण एम्टीव्हीचें पहिलें गाणें ऐकत आहों याची कल्पना असणें शक्यच नव्हतें. गाणीं देशोदेशीं कशीं फिरतात, मूळ नांव टाकून नव्या नांवानें कशीं रुजतात, याचें याहून ठसठशीत उदाहरण क्वचित् सांपडेल.

आतां त्या दशकांतील विदेशी गीतचित्रें इतकीं विचित्र कां, याचा विचार करावयास हवा. मायकेल जॅक्सन याचें 'थ्रिलर' हें गीतचित्र २ डिसेंबर १९८३ रोजीं प्रथम दाखविण्यांत आलें. जॉन लँडिस या चित्रपट-दिग्दर्शकानें तें केलें असून त्याची लांबी सुमारें चौदा मिनिटें आहे. प्रियकराचा लांडगा होतो, थडग्यांतून मुडदे उठतात आणि नायकासह कवायतीसारखें नृत्य करतात. १९८५ सालीं नॉर्वेच्या 'आ-हा' या मंडळीचें 'टेक ऑन मी' आलें. त्यांत उपाहारगृहांत बसलेली तरुणी चित्रकथेच्या पुस्तकांत ओढली जाते. स्टीव्ह बॅरन याच्या दिग्दर्शनाखालीं प्रथम नटांचें चित्रण करून मग त्या चित्रणावरून एकेक चौकट हातानें पेन्सिलीनें काढण्यांत आली. अशा सुमारें तीन हजार चौकटी काढावयास सोळा आठवडे लागले. गंमत अशी कीं, याच गाण्याचें आधींचें रूप साध्या चित्रासह १९८४ सालीं आलें असतां तें पडलें होतें. १९८६ सालीं पीटर गॅब्रिएल याचें 'स्लेजहॅमर' आलें. त्यासाठीं गायकाला कांचेखालीं तासन्‌तास पडून राहावें लागलें आणि त्याच्या चेहऱ्याभोंवतीं फळें-मासे इंचाइंचानें सरकवून एकेक चौकट टिपण्यांत आली.

या विचित्रपणाचें मूळ कवीच्या लहरींत नसून व्यापारांत आहे. गीतचित्र ही मुळांत जाहिरात. ती बनविण्याचा खर्च तबकडीच्या विक्रींतून निघावयाचा. तीन-चार मिनिटांत प्रेक्षकाची नजर धरून ठेवावयाची, शेंकडों गीतचित्रांच्या गर्दींत आपलें वेगळें दिसावयाचें, आणि कथा सांगण्याचें बंधन मात्र नाहीं. अशा स्थितींत दिग्दर्शक नवलाईच्या मागें लागले तर त्यांत आश्चर्य तें काय? मात्र या चकचकाटाला एक काळी बाजूहि होती. आरंभीच्या दोन वर्षांत एम्टीव्हीवर कृष्णवर्णीय कलावंतांना फारच थोडी जागा मिळे. १९८३ सालीं डेव्हिड बोवी या इंग्रज गायकानें त्याच वाहिनीवरील मुलाखतींत याबद्दल उघड जाब विचारला. जॅक्सनच्या गीतचित्रांच्या लोकप्रियतेनें हा बांध पुढें फुटला. रेडिओच्या काळांत गाणाऱ्याचा रंग दिसत नसे. चित्र आलें आणि रंग दिसूं लागला. कानाची ही निःपक्षपाती वृत्ति डोळ्यापाशीं नसते, हें त्या प्रकरणानें दाखवून दिलें.

क्वीन मंडळीच्या १९८४ मधील एका गीतचित्राची हकीकत मराठी वाचकाला विशेष विचार करावयास लावणारी आहे. 'आय वॉन्ट टु ब्रेक फ्री' या गाण्यांत चौघाहि वादकांनीं बायकांचे पोशाख केले होते. फ्रेडी मर्क्युरी तर भरघोस मिशा ठेवून, आंखूड झगा घालून घर झाडीत होता. इंग्लंडांतील लोकांना त्यांतील थट्टा कळली, कारण ती तेथल्या एका लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेची नक्कल होती. अमेरिकेंत मात्र ती रुचली नाहीं. एम्टीव्हीनें तें चित्र दाखविण्याचें नाकारलें. आतां हेंच महाराष्ट्राच्या दृष्टीनें पाहावें. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांनीं आयुष्याचा मोठा भाग स्त्रीभूमिकांत घालविला आणि त्यांच्या शालूची व केशरचनेची नक्कल घरंदाज स्त्रियांनीं केली. १९८८ सालीं सचिन यांच्या 'अशी ही बनवाबनवी' मध्यें स्वतः सचिन व लक्ष्मीकांत बेर्डे यांनीं लुगडीं नेसून रसिकांना पोट धरून हंसविलें, आणि मुलांबाळांसह सारें घर तो चित्रपट पाहावयास गेलें. पांचगणींत शिकलेल्या गायकाची जी थट्टा अमेरिकेला झोंबली, तिच्यासारखीच थट्टा महाराष्ट्रांत घरगुती करमणूक ठरली. विचित्र कशाला म्हणावयाचें, हें चित्रावर नव्हे, तर पाहणाऱ्याच्या पूर्वसंस्कारांवर अवलंबून असतें, हें यावरून स्पष्ट होईल.

मराठी गाण्यांच्या चित्रांतहि त्या दशकांत पालट झाला. सत्तरीच्या दशकांत दादा कोंडके यांच्या चित्रपटांनीं ग्रामीण प्रेक्षक काबीज केला होता. राम-लक्ष्मण यांचें संगीत, महेंद्र कपूर व उषा मंगेशकर यांचे आवाज, शेताच्या बांधावरचा नाच, आणि गुडघ्याखालीं लोंबणारी नाडी, हें त्या गीतचित्रांचें रूप होतें. १९८५ सालीं महेश कोठारे यांचा 'धुमधडाका' आला. त्याला अनिल मोहिले व अरुण पौडवाल या 'अनिल-अरुण' जोडीचें संगीत होतें. १९८७ सालीं सचिन यांच्या 'गंमत जंमत' मध्यें किशोरकुमार यांनीं अनुराधा पौडवाल यांच्यासमवेत गायिलेलें 'अश्विनी ये ना' हें गाणें अशोक सराफ व चारुशीला साबळे यांच्यावर चित्रित झालें. त्याच वर्षीं १३ ऑक्टोबरला किशोरकुमार निवर्तले. सातपुडा ओलांडला कीं निमाड लागतो, आणि त्या निमाडांतील खंडवा हें किशोरकुमारांचें जन्मगांव. त्यामुळें बुलढाणा-अकोल्याकडील माणसाला हा गायक मुंबईकरांपेक्षां आपल्याच मुलखाचा वाटतो. त्यानें मराठींत फार थोडीं गाणीं गायिलीं. म्हणूनच हें एक गाणें लोकांनीं जिवापाड जपलें. नागर पोशाख, पाश्चात्य ताल व थट्टेखोर हावभाव हें सारें या चित्रांत होतें, परंतु त्यांना कथेचा आधार होता. आधीं सांगितलेला भेद येथें पुन्हां प्रत्ययास येतो: आपलें गीतचित्र कितीहि चमत्कारिक असलें, तरी तें चित्रपटाच्या घरांतलें होतें, तिकडलें गीतचित्र बिनघरचें होतें.

हीं गाणीं आणि हीं चित्रें गांवांत पोंचलीं तीं तीन वाटांनीं, आणि प्रत्येक वाटेचा काळ निराळा आहे. पहिली वाट ध्वनिफितीची. फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं काढलेली कॅसेट आपल्याकडे खरी पसरली ती ऐंशीच्या दशकाच्या आरंभीं. तबकडीच्या मानानें ती स्वस्त, उचलावयास हलकी, आणि घरच्या घरीं नक्कल करतां येण्याजोगी. एका मोठ्या कंपनीची मक्तेदारी यामुळें मोडली. गुलशनकुमार यांच्या 'टी-सीरीज' सारख्या नव्या कंपन्या उदयास आल्या. प्रल्हाद शिंदे व विठ्ठल उमप यांच्यासारख्या लोकगायकांचा आवाज घरोघर गेला. गोव्यांतील शिवोली गांवच्या रेमो फर्नांडिस यांनीं १९८४ सालीं 'गोअन क्रेझी' ही ध्वनिफीत घरींच तयार केली आणि स्कूटरवरून हिंडून स्वतः दुकानोदुकानीं पोंचविली. परंतु ध्वनिफितींत चित्र नव्हतें. ती कानाचीच सत्ता होती.

दुसरी वाट दूरदर्शनची. दिल्लींत १५ सप्टेंबर १९५९ रोजीं व मुंबईंत २ ऑक्टोबर १९७२ रोजीं दूरचित्रवाणी सुरू झाली. 'छायागीत' व 'चित्रहार' या कार्यक्रमांनीं चित्रपटांतील गाणें कथेपासून तोडून सुटें दाखविण्यास प्रारंभ केला. खरें म्हणजे भारतीय गीतचित्राचा जन्म येथें झाला. १९८२ सालीं रंग आले, आणि १९८४ च्या सुमारास लहान शक्तीचीं प्रक्षेपण केंद्रें देशभर झपाट्यानें उभारलीं गेलीं. तेव्हां कोठें जिल्ह्याच्या गांवांभोंवतालच्या घरांवर उंच खांबांचीं अँटेना दिसूं लागलीं. एका संचापुढें सारी आळी बसे, आणि वारा सुटला कीं एकजण खांब फिरविण्यासाठीं छपरावर चढे. १५ ऑगस्ट १९८८ रोजीं पंडित भीमसेन जोशी यांच्या स्वरानें सुरू होणारें 'मिले सुर मेरा तुम्हारा' दाखविण्यांत आलें. कोणत्याहि चित्रपटांत नसलेलें, कोणतीहि तबकडी विकण्यासाठीं न केलेलें आणि तरीहि साऱ्या देशाच्या डोळ्यांत राहिलेलें हें गीतचित्र आहे. तिसरी वाट व्हिडिओची. शहरांत व्हिडिओची दुकानें व घरें निघालीं. गणेशोत्सवांत भाड्यानें यंत्र आणून रात्रभर चित्रपट दाखविण्याची प्रथा पडली. पण त्यांवर चालत ते बहुधा हिंदी-मराठी चित्रपटच. तीन मिनिटांचीं इंग्रजी गीतचित्रें पाहण्यासाठीं वर्गणी कोण गोळा करणार?

मग थडग्यांतून उठणारे मुडदे आणि पेन्सिलीचा तरुण पिंपळगांव राजासारख्या ठिकाणीं ऐंशीच्या दशकांत कोणीं पाहिले? सनावळी पाहतां, बहुतेकांनीं ते त्या दशकांत पाहिलेलेच नसावेत. 'स्टार' ही उपग्रह-वाहिनी व तिच्याबरोबर एम्टीव्ही आपल्या देशांत आली १९९१ सालीं. तीहि आधीं मोठ्या शहरांतील केबलवाल्यांकडे. खेड्यापर्यंत तार पोंचावयास आणखी वेळ लागला. त्यानंतर २००५ सालीं 'यूट्यूब' निघालें आणि जुनें सारें गीतभांडार प्रत्येकाच्या हातीं आलें. 'थ्रिलर' वरून प्रेरित झालेलें, १९८५ च्या 'दोंगा' या तेलुगु चित्रपटांतील चिरंजीवी यांचें 'गोलीमार' हें नृत्य याचा उत्तम नमुना आहे. आंध्राबाहेर तें त्या काळीं क्वचितच कोणास ठाऊक होतें. परंतु इंटरनेटवर त्याचा इतका बोलबाला झाला कीं, "आम्हीं लहानपणीं पाहिलें होतें" असें सांगणारे ठिकठिकाणीं भेटतात.

असें सांगणाऱ्यांना खोटें ठरविण्याची घाई मात्र करूं नये. स्मृति ही दप्तरखान्यासारखी नसते. दप्तरखान्यांत कागदावर तारीख असते. स्मृतींत प्रसंगाभोंवतीं भाव असतो आणि तारीख मागाहून चिकटविलेली असते. विशीच्या वयांत ऐकलेलें गाणें चाळिशींत पाहिलें, म्हणजे तें चित्र मागें सरकून विशींत जाऊन बसतें. कारण गाण्याचें खरें घर तेथेंच असतें. म्हणून अशा आठवणींतून इतिहास काढावयाचा तर दोन गोष्टी वेगळ्या करून घ्याव्या लागतात. कोणतें चित्र केव्हां पाहिलें, हें साधनांवरून ठरवावें: गांवांत वीज केव्हां आली, पहिला संच कोणाकडे आला, केबलची तार केव्हां पडली. आणि त्या गाण्यानें काय वाटलें, हें मात्र माणसालाच विचारावें. त्या बाबतींत त्याच्यासारखा दुसरा साक्षीदार नाहीं.

या बदलांत मिळालें पुष्कळ. कालपर्यंत ज्याला तंबूची वाट पाहावी लागे, त्याला जगांतील कोणतेंहि गाणें मिळूं लागलें. मुंबईच्या व नॉर्वेच्या कलावंताची ओळख एकाच खिडकींतून झाली. गमावलें तें एवढेंच कीं, ज्याच्या त्याच्या मनांतलें चित्र गेलें आणि सर्वांच्या मनांत एकच चित्र आलें. सर्वांनीं मिळून हंसावयास, चर्चा करावयास व आठवणी काढावयास हें एकच चित्र सोयीचें आहे. पण एकट्यानें ऐकावयास पूर्वींचींच अनेक चित्रें बरीं होतीं. बगल्स मंडळीचें भाकीत मात्र पुरतें खरें ठरलें नाहीं. एम्टीव्हीनेंच कालांतरानें गाण्यांपेक्षां इतर कार्यक्रमांना अधिक जागा दिली, आणि रेडिओ मात्र मोटारींत, स्वयंपाकघरांत व शेताच्या मचाणावर बोलत राहिला.

राजांच्या लढायांचीं बखरवजा टिपणें गांवोगांव सांपडतात. परंतु गांवांत पहिला रेडिओ कोणीं आणला, पहिल्या संचापुढें कोणकोण बसले, कोणत्या गाण्याला लोकांनीं नाकें मुरडलीं, याची नोंद कोठेंच नसते. ही माहिती ज्यांच्यापाशीं आहे, ते आज साठी-सत्तरींत आहेत. शाळेंतल्या मुलांनीं आपल्या आजीआजोबांना हे प्रश्न विचारून, उत्तरें सनासह वहींत उतरून ठेवलीं, तर पुढच्या इतिहासकाराला केवळ आठवणींवर विसंबावें लागणार नाहीं. हें काम खर्चाचें नाहीं. एक वही, एक पेन आणि ऐकण्याची तयारी, इतकीच त्याला सामग्री लागते. मात्र तें याच पिढीच्या हयातींत झालें पाहिजे.